काकाजींच्या बोटीचा पोळा

भाड्याची खोली पाहायला गेलो तेव्हा घरमालक काकाजींनी आम्हाला एकच गोष्ट विचारली.

"पोहता येते का?"

आता खोली वरच्या मजल्यावर. गाव बालाघाट. आजूबाजूला भाताच्या बांध्या अन् जंगल, समुद्र पाहिलेला तो कॅलेंडरावर. आमचे हे माझ्याकडे पाहायला लागले, मी ह्यांच्याकडे. शेवटी मीच म्हटलं, "मले येते काकाजी. माहेरी किरनापूरकडे गावाची बोडी होती, तळंच म्हणा, लहानपणी तिच्यातच पडून राहत होतो आमी. पण आमच्या यायले नाही येत."

"बाईले येते ना? मंग झालं. पण यायलेबी शिकावं लागन." एवढं बोलून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली, ह्यांच्या नाही.

अंगणात तुळशीच्या मागं, पत्र्याच्या शेडखाली, ताडपत्रीनं झाकलेलं लांबच लांब काहीतरी उभं होतं. मला वाटलं, बिघडलेली मिनीबस असेल. तेवढ्यात ताडपत्रीचं टोक उडालं अन् खालून लाकडाचं गोल पोट दिसलं, तेल प्यालेलं, तुकतुकीत.

"बस नाही ते," ओसरीवर गहू निवडत बसलेल्या काकू म्हणाल्या. "ते आमचं थोरलं लेकरू हाए."

ती शिडाची बोट होती. इंग्रजीत यॉट म्हणतात म्हणे, आम्ही बोटच म्हणायचो. कोणी डोंगा म्हटलं की काकाजींना राग यायचा. "डोंग्यात मासे धरतेत. आमी याच्यात राहतो." अन् खरंच राहायचे. आत वाकून शिरावं लागे, पण शिरलं की झोपायला फळ्या, रॉकेलचा स्टोव्ह, डबे घरंगळू नयेत म्हणून फळीला खाचा, अन् एक छोटी गोल खिडकी, तिला काकूंनी जुन्या लुगड्याचा पडदा केलेला. काकाजी सिंचन खात्यात ओव्हरसियर होते. नोकरीच्या कामानं भोपाळला गेले, तिथल्या तलावाच्या काठावर ही बोट कोणीतरी सडायला टाकून दिलेली त्यांनी पाहिली अन् घेऊनच आले. वारासिवनीच्या राईस मिलचा ट्रक तांदूळ टाकून रिकामा परत येत होता, त्याच्यावर बांधून. काकू सांगायच्या, "मी दार उघडलं त सामोरून ट्रकावर बोट येऊन राह्यली. म्हणलं, गावात पूर त नाही ना येऊन राह्यला?"

तेव्हापासून दरवर्षी दिवाळी झाली, धरण भरलेलं असलं अन् ऊन कोवळं झालं, की सगळं कुटुंब आठवडाभर धरणाच्या पाण्यावर. दिवसा शीड लावून फिरायचं, संध्याकाळी एखाद्या खाडीसारख्या वळणात लंगर टाकायचा, काठावर चूल पेटवायची. लोक बद्रीनाथाला जातात, लग्नाला जातात, काकाजींचं कुटुंब पाण्यावर जाई. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवून बोट न्यायचे. एकदा काय झालं, त्या वर्षी देवी बसायच्या बेतात बोट दुरुस्तीवरून परत आणत होते. गावाबाहेरच्या चौकात बायकांना वाटलं की ही देवीच्या मिरवणुकीची झाँकीच आहे. एकीनं पुढच्या टोकाला कुंकू लावलं, दुसरीनं नारळ फोडला, तिसरी आरतीचं ताट आणायला घरात पळाली. ट्रॅक्टरवाला ओरडून सांगत होता, "अरे माँ, ये झाँकी नहीं है!" काकाजींनी त्याला गप्प केलं. आरती होईपर्यंत हात जोडून उभे राहिले, नारळाचा प्रसाद सगळ्यांना वाटला, अन् घरी येऊन काकूंना म्हणाले, "आज तिचं पहिल्यांदा चारचौघात कौतुक झालं."

आता त्यांच्या बोलण्याचं सांगते. बोटीवर डावं-उजवं असं ते कधी म्हणत नसत. त्यांच्या वडिलांची लांजीकडं शेती होती, बैलजोडी होती. डावीकडं ढवळ्या जुंपायचा, उजवीकडं तांब्या. ते बैल जाऊन जमाना झाला, शेतीही भावांकडं गेली, पण बोटीवर डावी बाजू ढवळ्याची अन् उजवी तांब्याची. "ढवळ्याकडे घे!" "तांब्याकडे सरका!" घरातल्या लेकरांना शाळेत डावं-उजवं शिकवायच्या आधी ढवळ्या-तांब्या पाठ. त्यांची एक नात रायपूरला वाढलेली, गुड्डी, तिला मराठी म्हणून एवढंच यायचं. बाकी सगळी हिंदी. एकदा रिक्षावाल्याला म्हणाली, "भैया, तांब्याकडे मोड़ लो." तो बिचारा रिक्षा थांबवून मागं वळून पाहायला लागला.

वाऱ्यांचीही त्यांनी गावं ठरवून टाकली होती. टीव्हीच्या जुन्या अँटेनाला एक लाल चिंधी बांधलेली. सकाळी चहाच्या आधी तिच्याकडं पाहून जाहीर करायचे. वारासिवनीचा वारा उनाड, त्याचा भरवसा नाही. लांजीचा वारा ओला. बैहरकडचा जंगलावरून येतो, थंड पण इमानी. मी वर चहा गाळत असे, खालून आवाज येई, "बाई, आज वारासिवनीचा हाए, पापड वाळू घालू नका!" अन् घातले तर उडायचेच, खोटं कशाला बोलू.

मी ब्लाउज शिवायची तेव्हा. एक दिवस काकाजी खांद्यावर मोठ्ठं गाठोडं घेऊन जिना चढून आले. शीड फाटलं होतं. माझ्या मशीनची सुई पहिल्याच टाक्याला मोडली. मी म्हटलं, "काकाजी, हे मशीनचं काम नाही. हे पोत्याचं काम हाए." मग मिलमध्ये तांदळाची पोती शिवतात ना, ते दाभण मागवलं. गच्चीवर शीड पसरलं अन् आम्ही दोघं समोरासमोर बसलो. ते सांगायचे, "ताण एका जागी नका येऊ देऊ. एका जागी ताण आला की घरबी फाटते." अन् मी तिरपे टाके घालायची. तळहाताला फोड आले, पण ते शीड पहिल्यांदा वाऱ्यानं भरलं, गालासारखं टम्म फुगलं, अन् माझी शिवण पांढऱ्या कापडावर उन्हात चमकली! मी आयुष्यात नवरींचे ब्लाउज शिवले, शाळांच्या वर्द्या शिवल्या. पण कोणी विचारलं की तू काय शिवलं, तर मी अजूनही सांगते, शीड.

पोळ्याचं तर सांगायलाच पाहिजे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडं खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा दुखतो, म्हणून तूप-हळद लावून शेकतात अन् त्याला जेवायचं आवतन देतात. काकाजी बोटीची खांदशेकणी करायचे. डोलकाठी जिथं बोटीत रोवलेली असते, ती जागा म्हणजे बोटीचा खांदा. "सगळा वारा याच लाकडावर येते," म्हणायचे. जवसाचं तेल कोमट करून, चिंध्यांनी, हातानं, तासन् तास चोळायचे. घरातल्या प्रत्येकानं एकदा तरी हात लावायचा. मग बोटीच्या नाकाजवळ वाकून हळूच म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी झूल, बेगड, अन् नाकावर पुरणपोळी. शेजारपाजारचे हसायचे. काकू म्हणायच्या, "एवढं तेल माझ्या गुडघ्याले चोळलं असतं त मी नागपूरले पायी गेली असती." पण चोळायला पहिल्या त्याच बसायच्या.

मी एकदा विचारलं, "काकाजी, इतकी वर्षं झाली, कंटाळा नाही येत?"

"बाई, बोट घेणं एका सकाळचं काम हाए. पाळणं जन्माचं. बैलाचंही तसंच असते. अन् माणसाचंही."

ते काही गोडगोड माणूस होते असं नाही हं. बोटीवर पाय ठेवला की वेगळेच व्हायचे. पाहुणा कोणी नाही, सगळ्यांना काम. अन् सुकाणूचा दांडा ज्याच्या हातात, त्याचा शब्द चालायचा, बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. दांडा अर्थातच त्यांच्याच हातात. त्यांच्या एका साडूनं मधेच, "इकडून घ्या, इकडून घ्या," केलं, तर बोट सरळ काठाला लावली. "तुमी रस्त्यानं या," म्हणाले. तो माणूस चिखलातून चपला हातात घेऊन दोन गावं चालत आला. काकू वर्षभर बहिणीला तोंड दाखवू शकल्या नाहीत.

मग त्यांचे डोळे जायला लागले.

आधी कोणाला कळू दिलं नाही. मला कळलं ते चहावरून. बशीत ओतायला गेले अन् चहा लुंगीवर. दुसऱ्या दिवशी चिंधीकडं न पाहताच त्यांनी वारा सांगितला, बरोबर सांगितला, पण मान वर केली नाही. नागपूरच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. म्हणाला, गेली ती नजर परत येणार नाही, उरली ती सांभाळा. उरलीच किती होती? उजेड-अंधार कळायचा, माणसाचा आकार कळायचा.

मुलगा, गुड्डीचा बाप, रायपूरहून आला. चांगला मुलगा, वाईट बोलणार नाही मी. बापाची काळजी होती त्याला. पण त्याला पाण्याची लहानपणापासून धास्ती, काठावर बसूनच वाढला. त्यानं जंगलाकडच्या एका रिसॉर्टशी बोलून ठेवलं होतं. ते लोक बोट नेणार, लॉनवर उभी करणार, आत फुलझाडं लावणार. पाहुणे तिच्यापुढं उभे राहून फोटो काढतील.

"बाबा, सडण्यापेक्षा बरं ना. तुमाले आता दिसत नाही. आईचे गुडघे गेले. मले येत नाही. चालवन कोण?"

मी ओसरीवर होते. मला वाटलं, आता काकाजी भडकतील. पण नाही. बोटीच्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "कुंडी करून राह्यला तिची?"

"बाबा..."

"तुझं खोटं नाही. चालवाले माणूस नसन त ठेवू नाही. बैलबी कोणी नुसता बांधून ठेवत नाही." मग म्हणाले, "दिवाळीनंतर एकदा पाण्यात जाऊ दे. आपल्या घरातल्या कोणी तिले नेऊन परत काठाले आणली, त ती आपली. नाही आणता आली, त तुझा ट्रक बोलाव. मी एक शब्द बोलणार नाही."

मुलगा कबूल झाला. त्याला माहीत होतं की आणणारं कोणी नाही. आम्हालाही माहीत होतं.

त्या वर्षीच्या खांदशेकणीला काकाजींनी कोणालाच फोन केला नाही. आवतन बोटीला द्यायचं असतं, माणसांना नाही, हे त्यांचं नेहमीचंच. तेल कोमट करून ठेवलं. काकू, मी, आमचे हे, एवढेच. काकाजी चाचपत चाचपत डोलकाठीच्या बुडाशी बसले. तेवढ्यात फाटक वाजलं अन् पाठीवर बॅग घेतलेली गुड्डी आत आली. नुकतीच नोकरीला लागलेली, केस पोरासारखे कापलेले. बापाला सांगितलंही नव्हतं.

"आबा, तेल ठंडा हो रहा है," म्हणाली, चपला काढल्या, अन् बसली चोळायला.

काकाजींनी तिचा हात धरून पाहिला. बोटांवरून अंगठा फिरवला. "नरम हाए," म्हणाले.

"हो जाएगा सख्त."

अन् मग जी शिकवणी सुरू झाली, तसली मी जन्मात पाहिली नाही. पाऊस चालू, धरण दूर, बोट अंगणात ट्रॉलीवर. तरी गुड्डी सुट्टी मिळाली की रायपूरहून यायची अन् दोघं बोटीत चढायचे. तिच्या हातात दांडा, काकाजींच्या हातात शिडाची दोरी. "वारा बैहरचा. आता सरकला. काय करशीन?" ती दांडा ढकलायची. "चुकलं! बोट तांब्याकडे वळवाची त दांडा ढवळ्याकडे लोटावा लागते. बुडवलं तू सगळ्यायले. काकूबाई, उतरा, आपण मेलो." काकू ओसरीवरून, "मी मेली त सैपाक कोण करन?" नवरात्रात तर बाजूच्या गच्च्यांवर लोक बसायचे पाहायला. कोरड्या अंगणात बोट चालायची, भोवती कोंबड्या फिरायच्या. एक म्हातारा भिंतीवरून विचारायचा, "कहाँ तक पहुँचे?" अन् काकाजी न हसता सांगायचे, "लांजी पार कर ली."

दिवाळी झाली. आम्ही धरणावर गेलो. बोटीवर गुड्डी, काकाजी, काकू अन् शीड फाटलं तर म्हणून मी, दाभण घेऊन. मुलगा काठावर, हातात मोबाईल. ट्रकवाल्याला त्यानं तयार राहायला सांगून ठेवलं होतं.

जाताना वारा पाठीशी होता, काही कठीण नव्हतं. काकाजी डोलकाठीला पाठ लावून बसलेले, तोंड वर, कान वाऱ्याला. सांगत होते, अन् ती "हौ आबा, हौ आबा" करत ऐकत होती. काकूंनी चिवडासुद्धा काढला. मी मनात म्हटलं, हे तर झालंच.

परतीला वारा समोर आला, अन् चांगला जोरात. समोर वारा असला की शिडाची बोट सरळ जात नाही, एकदा इकडं, एकदा तिकडं, अशी नागमोडी न्यावी लागते. प्रत्येक वळणाला शीड धाडकन् एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जातं, सगळ्यांनी डोकं खाली घालायचं, बोट कलंडते. काकूंनी माझा दंड धरलेला, त्याचे वळ आठवडाभर होते. पण गुड्डी आणत होती. काकाजींच्या आवाजावर आणत होती. काठ दिसायला लागला, मुलगा दिसायला लागला.

"आता!" काकाजी ओरडले. "तांब्याकडे घे!"

तिनं घेतलं नाही.

"तांब्याकडे! वारा फिरला, घे म्हणतो ना!"

"नहीं आबा. ढवळ्याकडे."

"मी काय सांगून राह्यलो? तांब्या..."

"आबा, चुप!" अन् तिनं दांडा ओढला. बोट उलट्या बाजूला वळली, शीड फडफडलं, मी फळीवर आपटले. अन् उजव्या अंगाला, अगदी हाताच्या अंतरावरून, एक काळा खुंट गेला. धरणात बुडालेल्या जंगलातलं सागाचं झाड, वर टोक तेवढं राहिलेलं, भाल्यासारखं. त्याच्यावर आपटणाऱ्या पाण्याचा चुबुक-चुबुक आवाज आला अन् मागं पडला.

तो आवाज काकाजींनी ऐकला. मान त्या आवाजामागं हळूहळू फिरली.

त्या बोटीवर त्यांना चुप म्हणणारं तोवर कोणी जन्मलं नव्हतं. काकूंनी डोळे मिटून घेतले. गुड्डीनं दांडा हलू दिला नाही. एक वळण गेलं, दुसरं गेलं, काकाजी वारा सांगेनात. मला वाटलं, बिचाऱ्या म्हाताऱ्याच्या मनाला लागलं. गुड्डीलाही तसंच वाटलं असणार. शेवटच्या वळणाआधी तिनं अगदी लहान आवाजात विचारलं, "आबा? अब?"

काकाजी डोलकाठीला धरून उठले. चाचपत मागं आले, तिच्या पायाशी बसले.

"मले विचारू नको," म्हणाले. "कोणती दोरी धरू, एवढं सांग."

तिनं दोरी त्यांच्या हातात दिली. "खींचो आबा." त्यांनी ओढली. "छोड़ो." सोडली. साठ-पासष्टीची मी तेव्हा, सगळं पाहिलेली बाई, पण माझा ऊर असा भरून आला की काय सांगू. जणू तो म्हाताराही माझाच अन् ती पोरगीही माझीच. अन् शीड तर होतंच माझं.

काठ जवळ आला. मुलगा पाण्यापर्यंत पुढं आला होता. तोंडाला हात लावून ओरडला, "बाबा! ट्रकवाल्याले काय सांगू?"

"मले काहून विचारतो?" काकाजी दोरी धरूनच ओरडले. "बोट तिची हाए. तिले विचार!"

त्यानं पोरीकडं पाहिलं. पण तिला कुठलं बोलायला सवड? शीड उतरवायचं होतं, बोट वेगात काठावर येत होती.

"पापा, खड़े मत रहो!" ती ओरडली. "रस्सी पकड़ो!"

अन् आमच्या काकाजींचा तो मुलगा, पाण्याला जन्मभर भ्यालेला, मोबाईल खिशात घातला न घातला, बुटांसकट कंबरभर पाण्यात शिरला अन् त्यानं दोन्ही हात वर केले.